छत्तीस पानी

सकाळी सातच्या आत मी प्रेसच्या फाटकात.
झडती, डबा उघडून दाखव, मग आत.
दिवसभर माझ्या हातांखालून पासपोर्ट सरकतात,
कोरे, निळे, छत्तीस पानांचे,
अजून कुणाचेच नसलेले.
एक जरी कमी भरला तर अख्खी पाळी थांबते,
कुणी घरी जात नाही.

घरी दिलरुक्षी. माहेर गॉल.
लग्नाला दहा वर्षं. अर्जाला किती, ते तिला विचारा,
तारखा तिला पाठ आहेत, मला फक्त चकरा.
छत्तीसचा आकडा म्हणतात तो हाच असावा,
माझ्या पोटापाण्याचा आणि तिच्या फाइलीचा.

सीबीएसला उतरायचं, कलेक्टर कचेरीचे जिने चढायचे.
खिडकीत कांडेकर बाई. वाईट नाहीत.
आधी पोलिसांचा अहवाल नव्हता. आला.
मग फाइल मुंबईला. मग दिल्लीला.
मग दिल्लीहून परत, एका त्रुटीसाठी: नावात फरक.
कुणीतरी कुठेतरी लिहिलं होतं, दिलरुक्ष.
बसमध्ये तिनं विचारलं, रुक्ष म्हणजे?
कोरडं, मी म्हटलं.
ती द्वारकेपर्यंत हसली,
मग बिटकोपर्यंत काही बोलली नाही.

तिच्या भाषेत सातला हत म्हणतात.
कायद्याची सात वर्षं भरली त्या दिवशी
आम्ही दोघंही म्हणालो, हात्तिच्या!
नारळाच्या दुधात भात शिजवून तिनं वड्या पाडल्या,
गांगुर्डे वहिनींना वाटीभर दिल्या.
वहिनी म्हणाल्या, आता पेढे कधी?
अजूनही म्हणतात, फक्त हळू.

त्याच्या आदल्या पावसाळ्यात तिचे वडील गेले.
वकील म्हणाले, अर्जाआधी बारा महिने सलग इथं हवं,
आत्ता गेलात तर मोजणी पहिल्यापासून धरतील कदाचित.
ठरवा तुम्ही.
आम्ही काही ठरवलं नाही.
रात्र उलटली, विमान गेलं, तेच ठरवणं झालं.
फोन तांदळाच्या डब्याला टेकवून तिनं
पांढऱ्या पताकांची आपली गल्ली पाहिली.
नेट अडकलं की सगळे जागच्या जागी थांबायचे,
खांदा दिलेलेसुद्धा.
मी बाजूला उभा, हातात तिची पांढरी साडी,
इस्त्री करून आणलेली.
कशासाठी आणली होती, कोण जाणे.

रविवारी त्रिरश्मीला जातो.
लेणीच्या पायथ्याशी अनुराधपूरहून आणलेलं बोधीचं रोप आहे,
त्याला कठडा, त्याला पाणी.
ती त्याच्याशी सिंहलीत बोलते, मी चपला सांभाळतो.
एकदा म्हणाली, हे माझ्यानंतर आलं.
रागानं नाही.
रांगेतलं कुणी पुढं गेल्याचं सांगावं, तसं.

मतदानाच्या दिवशी मी टपरीवर उगाच दोन चहा प्यायलो,
घरात शिरताना बोट मुठीत मिटलं.
तिनं मूठ उघडली, उजेडात धरली,
म्हणाली, नीट लावली नाहीये, पसरलीये.

हल्ली साइटवर एकच शब्द येतो, प्रक्रियेत.
पूर्वी ती रोज बघायची. आता अमावास्या-पौर्णिमेला,
उपोसथ असतो ना, म्हणते, मन शांत असतं.
मी मात्र जेवणाच्या सुट्टीत चोरून बघतो,
फाटकाबाहेर येऊन, कारण आत फोन नेता येत नाही.
पुन्हा झडती, पुन्हा आत,
पुन्हा ते कोरे गठ्ठे.

शपथ तिनं पाठ करून ठेवलीय, मेथी निवडताना म्हणते.
निष्ठा सोपं जातं, तिच्याकडेही तो शब्द आहे.
बाळगीनमधला ळ तेवढा अडतो.

रात्री विचारते, आज किती?
आकडा घरी सांगायचा नसतो, नियम आहे.
बरेच, मी म्हणतो.
दिवा घालवते. थोड्या वेळानं अंधारातून,
सकाळ. उन्हाळा. नळ. बाळगीन.
ळ अजून अर्धाच.
मी जागा आहे हे तिला ठाऊक आहे,
तरी मी चूक काढत नाही.